‘जंगल बुक’चा सेल घ्यावा का? आधी त्याची पाठ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डिस्नेच्या १९६७च्या ‘द जंगल बुक’मधला बल्लू अस्वलाचा हाताने रंगवलेला मूळ सेल (चित्रपटासाठी पारदर्शक शीटवर रंगवलेलं चित्र) अमेरिकेतला एक विक्रेता विकतोय. सेल फ्रेममध्ये आहे, मागे सोनेरी लेबल आहे, एका गॅलरीचं प्रमाणपत्र आहे आणि बल्लूच्या मागे रंगीत जंगल आहे. तो घ्यावा का, आणि घेतला तर दादरच्या घरी दिवाणखान्यात लावता येईल का?

यात खरं तर तीन प्रश्न आहेत. वस्तू सांगितली तीच आहे का, पैसे नक्की कशाचे द्यायचे, आणि ती तुमच्या घरात टिकेल का. बहुतेक लोक पहिल्यावरच अडकतात. माझ्या मते मुंबईत राहणाऱ्याने तिसऱ्यापासून सुरुवात करायला हवी, पण तिथवर पोचायला आधी सेल म्हणजे काय हे नीट समजलं पाहिजे.

अ‍ॅनिमेटरने कागदावर पेन्सिलने काढलेलं चित्र पारदर्शक शीटवर उतरवतात. बाह्यरेषा शीटच्या पुढच्या बाजूवर असते, रंग मागच्या बाजूने भरतात. म्हणून पुढून रंग सपाट, गुळगुळीत दिसतो आणि मागून ओबडधोबड. ही शीट रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून कॅमेऱ्याखाली एक-दोन फ्रेम टिपल्या की तिचं काम संपलं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात आणि एक चित्र साधारण दोन फ्रेम धरतं, म्हणजे एका पात्राच्या सेकंदभराच्या हालचालीला बारा सेल लागतात. पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी असे हजारो सेल रंगवले गेले. सुरुवातीच्या काळात पुष्कळसे धुऊन पुन्हा वापरले, बरेच फेकले गेले, काही विकले. त्यामुळे ‘जंगल बुक’चा सेल म्हणजे जगात एकमेव, असं कुणी सांगितलं तर त्याला फारसा अर्थ नाही. ते चित्र एकमेव असतं, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं चित्र जवळजवळ तसंच असतं. दुर्मिळ असते ती चांगली मुद्रा आणि चांगली प्रकृती.

आता बाजारात ‘सेल’ या नावाने काय काय विकलं जातं ते पाहू. कॅमेऱ्याखाली गेलेला तो प्रॉडक्शन सेल. रंग ठरवण्यासाठी केलेला तो कलर मॉडेल सेल. याच्या कडेला बहुधा रंगांचे क्रमांक लिहिलेले असतात, तो स्टुडिओतलाच असतो पण पडद्यावर आलेला नसतो. लिमिटेड एडिशन सेल हाताने रंगवलेला असू शकतो, पण तो विक्रीसाठीच केलेला असतो आणि त्याच्यावर १२३/५०० असा अपूर्णांक असतो. सेरिसेल तर सरळ स्क्रीन प्रिंटिंगने छापलेला, बहुतेकदा अडीच किंवा पाच हजार प्रतींचा. घरात लावायला यातलं काहीही वाईट नाही. मात्र सेरिसेल प्रॉडक्शन सेलच्या भावात घेणं म्हणजे निव्वळ नुकसान. डिस्नेपुरता एक सोपा नियम लक्षात ठेवा: १९८९चा ‘द लिटिल मर्मेड’ हा हाताने रंगवलेल्या सेलवर केलेला त्यांचा शेवटचा पूर्ण लांबीचा चित्रपट. १९९०च्या ‘द रेस्क्युअर्स डाउन अंडर’पासून रंगकाम संगणकावर गेलं. म्हणून ‘अलादिन’ किंवा ‘द लायन किंग’चा प्रॉडक्शन सेल म्हणून कुणी काही दाखवलं तर पुढे बोलायची गरजच नाही, चित्रपटात वापरलेले तसे सेल अस्तित्वातच नाहीत. १९६७ या हद्दीच्या आत आहे, तेव्हा तुमचा सेल खरा असू शकतो.

पहिली तपासणी रेघेची. पन्नासच्या दशकापर्यंत डिस्नेकडे बाह्यरेषा हाताने, शाईने काढत. ते काम इंक अँड पेंट विभागातल्या स्त्रिया करत. ती रेघ कुठे जाड कुठे बारीक होते, आणि बऱ्याचदा आतल्या रंगाशी जुळणाऱ्या रंगाची असते. १९६१च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’पासून पेन्सिलचं चित्र झेरॉक्सने थेट शीटवर उतरवायला लागले. ‘जंगल बुक’ची रेघ मुख्यतः अशीच आहे: काळी, किंचित खरखरीत, पेन्सिलचा कस जाणवणारी, मध्येच एखादी चुकून राहिलेली मदतरेषाही दिसते. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली या रेघेत टोनरचे (झेरॉक्सच्या काळ्या पुडीचे) बारीक कण आणि आजूबाजूला तुरळक ठिपके दिसायला हवेत. छापील वस्तूत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. रेघ एकसारख्या जाडीची, कडा कापल्यासारख्या स्वच्छ आणि रंग रेघेला मिलिमीटरभरही न चुकता भिडलेला असेल तर स्क्रीन प्रिंटिंगचा संशय घ्या.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची तपासणी पाठीची. खऱ्या सेलच्या मागे रंगाला जाडी असते. एका रंगाची कड दुसऱ्यावर चढलेली असते, कडेला रंग साचून उंचवटा झालेला असतो, मोठ्या भागात ब्रशचे किंवा पसरवलेल्या रंगाचे माग असतात. प्रकाशासमोर धरलं तर कुठे दाट, कुठे विरळ असा फरक दिसतो. सेरिसेलमध्ये मागचा थर सगळीकडे सारखा पातळ असतो. पुढून दिसणारं चित्र कितीही देखणं असो, पाठीचा फोटो मिळेपर्यंत निर्णय घेऊ नये. फ्रेम उघडायला विक्रेता तयार नसेल तर किंमत सेरिसेलचीच धरा.

मग कडा. पूर्ण आकाराचा सेल असेल तर एका कडेला पेग बारवर (शीट जागेवर धरणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीवर) बसवायची भोकं आणि कोपऱ्याजवळ चित्राचा क्रमांक असतो. तुमच्या सेलला हे काहीच नसलं तरी लगेच घाबरू नका. डिस्नेलँडमध्ये १९५५पासून आर्ट कॉर्नर या दुकानात जुने सेल अगदी थोड्या डॉलरना विकत, आणि तिथल्या विक्रीसाठी ते मॅटच्या (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) खिडकीच्या मापाने कापून, स्टेपल मारून किंवा टेपने चिकटवून बसवलेले असत. पार्कमधली विक्री पुढेही चालू राहिली. सोनेरी लेबल याच विक्रीचं: हा डिस्नेच्या निर्मितीत प्रत्यक्ष वापरलेला, हाताने रंगवलेला सेल आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. अशा कापलेल्या सेलला क्रमांक आणि भोकं नसणं साहजिक आहे. कापल्याने किंमत कमी होते, खरेपणा जात नाही.

लेबलाबद्दल मात्र एक सावधगिरी. ते मॅटच्या मागे चिकटवलेलं असतं, सेलवर नव्हे. जुना मॅट ठेवून आतला सेल बदलणं अवघड नाही. म्हणून लेबल असलेला मॅट आणि सेल एकमेकांचेच आहेत का ते बघा: खिडकीच्या कडेचा पिवळसर डाग सेलवर तसाच उमटलाय का, टेपचे जुने डाग दोन्हीकडे जुळतात का, स्टेपलची गंजलेली भोकं एकावर एक येतात का. गॅलरीच्या प्रमाणपत्राला मी याहून कमी वजन देतो. कुणी आणि कधी विकला एवढंच ते सांगतं. बंद पडलेल्या गॅलरीचं प्रमाणपत्र ताडून बघायला कुणी उरलेलं नसतं.

चित्रपटाशी जुळवून बघणं मजेचं काम आहे आणि ते जरूर करा. ब्लू-रे लावून फ्रेमन्‌फ्रेम पुढे सरका. बल्लूची मुद्रा, तोंडाचा आकार, बोटांची ठेवण हे सगळं जुळणारी फ्रेम सापडायला हवी. पण या पुराव्याच्या दोन मर्यादा आहेत. काढून टाकलेल्या प्रसंगातला सेल खरा असूनही सापडणार नाही. उलट, फ्रेम थांबवून त्यावरून गिरवलेली नक्कल तंतोतंत जुळेल. म्हणून फ्रेम जुळणं हा रेघ आणि पाठ यांच्यानंतरचा पुरावा आहे, त्यांच्या जागी घेण्याचा नाही. आणखी एक खूण उपयोगी पडते: खऱ्या सेलमध्ये पात्र बऱ्याचदा अर्धवट असतं. फ्रेमच्या खालच्या कडेबाहेर जाणारे पाय रंगवलेलेच नसतात, किंवा हात वेगळ्या शीटवर असल्याने खांद्यापाशी चित्र तुटतं. नक्कल करणाऱ्याला सगळं पूर्ण करून देण्याचा मोह होतो.

पार्श्वभूमीचे पैसे वेगळे मोजा. एका पार्श्वभूमीवर शेकडो सेल टिपले जात, त्यामुळे मूळ रंगवलेली पार्श्वभूमी सेलपेक्षा कितीतरी दुर्मिळ. त्याच प्रसंगातला सेल आणि त्याचीच पार्श्वभूमी अशी जोडी मिळाली तर किंमत अनेक पटींनी वाढते. डिस्नेलँडमधून विकलेल्या सेलमागे मात्र बहुतेकदा छापील कागद असतो, कधी तर भलत्याच चित्रपटातला. भिंग लावा; छपाईचे ठिपके दिसले की त्या सुंदर जंगलाची किंमत शून्य धरायची. तुमच्या वर्णनावरून तरी मला तेच वाटतंय.

आता प्रकृती, आणि इथे थोडं रसायनशास्त्र आलंच. १९६७चे सेल सेल्युलोज अ‍ॅसिटेट या प्लॅस्टिकचे आहेत. उष्णता आणि ओलावा मिळाला की अ‍ॅसिटेट तुटायला लागतं आणि अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच. ते आम्ल बाहेर गेलं नाही तर तीच प्रक्रिया आणखी वेगाने चालवतं. शीट आक्रसते, लाटांसारखी वळते, ठिसूळ होते. मागचा रंग शीटबरोबर आक्रसत नाही, म्हणून तो तडकतो आणि सुटतो. डिस्नेचे जुने रंग स्टुडिओतच बनवलेले, डिंकाच्या आधारावरचे होते, आणि ते हवेतला ओलावा घेतात-सोडतात. हवा फार कोरडी झाली तर रंग कडक होऊन शीटवरून उचलला जातो. फार दमट झाली तर चिकट होतो आणि समोर असेल त्याला धरतो. डिंक हे बुरशीचं खाद्यही आहे.

म्हणून विक्रेत्याकडे फ्रेमबाहेर काढलेल्या सेलचे पाच फोटो मागा: सरळ पुढून, सरळ मागून, कडांचा जवळून, एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून, आणि मागून प्रकाश देऊन. तिरप्या प्रकाशात लाटा आणि उचललेला रंग दिसतो, मागच्या प्रकाशात तडे आणि गळलेल्या जागा. दुरुस्ती अतिनील टॉर्चखाली कळते, कारण नंतर भरलेला रंग बहुतेकदा वेगळा चमकतो. आणि स्पष्ट विचारा: फ्रेम उघडल्यावर व्हिनेगरचा वास येतो का? थोडी लाट या वयाच्या बहुतेक सेलना असते, ती मी चालवून घेतो. दोन-तीन बारीक तडेही चालतात. वास मात्र चालत नाही. ती प्रक्रिया मंदावता येते, उलटवता येत नाही. पुढच्या बाजूची झेरॉक्स रेघ पुसली गेली आहे का तेही बघा. कुणीतरी ओल्या फडक्याने किंवा स्पिरिटने साफ केलेला असेल तर रेघ मध्येच गायब झालेली असते.

किंमत किती द्यावी हे मुद्रेवर अवलंबून आहे. डोळे उघडे, चेहरा आपल्याकडे, पूर्ण आकृती, पात्राचा स्वभाव दाखवणारा क्षण असेल तर भाव चढा. पाठमोरा, डोळे मिटलेला किंवा अर्धा कापलेला असेल तर बराच कमी. मोगली आणि बल्लू एकत्र असतील तर आणखी वर. इथे आकडा सांगण्यात अर्थ नाही, तो मोसमागणिक बदलतो. डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्सच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की जुन्या लिलावांच्या अंतिम किमती फोटोंसकट दिसतात. तिथे याच चित्रपटातले, याच मुद्रेचे, कापलेले आणि न कापलेले असे आठ-दहा सेल शोधून तुलना करा. लिलावातल्या बोलीवर साधारण २० ते २५ टक्के खरेदीदाराचा अधिभार असतो, तो किमतीत धरलाय की नाही ते तपासा.

आता दादर. फिल्म आर्काइव्हमध्ये वापरले जाणारे अंदाज सांगतात की २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत नव्या अ‍ॅसिटेट फिल्मला व्हिनेगरचा विकार सुरू व्हायला सुमारे ४० वर्षं लागतात, आणि तापमान दर पाच-सहा अंशांनी वाढलं की तो काळ ढोबळमानाने निम्मा होतो. तुमचा सेल साठीच्या आसपास पोचलाय. मुंबईत जुलैमध्ये घरातली आर्द्रता ८० टक्क्यांवर सहज जाते आणि वर्षातले बरेच महिने खोलीत तीस अंश असतात. बरं, पुण्यात किंवा विदर्भात असता तर सुटलात असंही नाही: तिथे एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की रंग तडकतो, आणि महिन्याभरात पावसाळा येतो. सेलला सर्वात जास्त मारते ती ही वर-खाली. रात्री एसी लावून सकाळी बंद करणारी झोपायची खोली म्हणूनच वाईट जागा. रोज शीट फुगते आणि आक्रसते.

हवं आहे ते असं: १८ ते २१ अंश, ४५ ते ५० टक्के आर्द्रता, आणि दोन्ही स्थिर. घरभर हे जमणार नाही, पण एका कपाटात बरंच जमवता येतं. बाहेरच्या भिंतीला न लागलेलं, जमिनीपासून वर असलेलं कपाट निवडा. आत डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, आणि तो खरं सांगतो का ते एकदा तपासा: वाटीभर मिठात थोडंसंच पाणी घालून ओला लगदा करा, वाटी आणि मापक एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा, सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. जो फरक दिसेल तो पुढे प्रत्येक वेळी धरायचा. पावसाळ्यात खोलीत डिह्युमिडिफायर चालवा. सिलिका जेल वापरायचंच तर ५० टक्क्यांना स्थिर केलेलं, संग्रहालयांसाठी मिळतं ते घ्या. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या टाकल्या तर हवा एकदम कोरडी होऊन रंग सुटेल.

सेल आडवा, सपाट, एकावर एक न रचता, आम्लमुक्त कागदाच्या फोल्डरमध्ये ठेवा. रंग चिकट वाटत असेल तर रंगाच्या बाजूला सिलिकॉनचा थर दिलेला रिलीज पेपर ठेवा. पीव्हीसीचे पारदर्शक फोल्डर, जे आपल्याकडे प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, ते अजिबात नकोत. त्यातलं प्लॅस्टिसायझर, म्हणजे प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन, पाझरून रंगाला चिकटतं. हवाबंद पिशवीही नको, कारण आम्ल आतच कोंडतं. आम्ल शोषणारा झिओलाइटयुक्त कागद मिळाला तर फोल्डरमध्ये जरूर घाला. आणि वर्षातून एकदा ए-डी स्ट्रिप ठेवा. ही रंग बदलणारी कागदी पट्टी सेलबरोबर २४ तास ठेवायची. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर आम्ल सुटायला लागलंय, पिवळी झाली तर तो सेल इतरांपासून लगेच वेगळा करा, कारण त्याची वाफ शेजारच्यालाही बिघडवते.

भिंतीवर लावायचा असेल तर कायम नको. वर्षातले तीन कोरडे, थंड महिने, म्हणजे मुंबईत डिसेंबर ते फेब्रुवारी, लावा आणि बाकी वेळ कपाटात. खिडकीसमोरची, स्वयंपाकघराला लागून असलेली किंवा टीव्हीच्या वरची भिंत टाळा. प्रकाश ५० लक्सच्या आसपास, म्हणजे मंद. काच सेलला टेकता कामा नये. जाड मॅट किंवा स्पेसर घालून चार-पाच मिलिमीटर अंतर ठेवा. अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक हलकं आणि चांगलं, पण त्यावर स्थिर वीज साठते आणि सुटलेला रंग ते ओढून घेतं. तेव्हा तडे असतील तर अतिनीलरोधक काचच घ्या. सेल पॉलिएस्टरच्या कोपऱ्यांत सैल बसवायला सांगा. फ्रेमवाल्याला तीन गोष्टी लिहून द्या: टेप नाही, ड्राय माउंट (उष्णतेने पुठ्ठ्यावर चिकटवणं) नाही, उष्णता नाही. इस्त्रीसारख्या प्रेसमध्ये लाटा काढून देतो म्हणणाऱ्याच्या हाती सेल देऊ नका. सुटलेला रंग परत बसवणं हे प्रशिक्षित संवर्धकाचं काम आहे, तो नियंत्रित ओलाव्याने ते करतो. घरी डिंक किंवा फेविकॉल लावला की संवर्धकालाही पुढे काही करता येत नाही. सोनेरी लेबल असलेला जुना मॅट मात्र फेकू नका, वेगळ्या पाकिटात जपून ठेवा.

आणायचा असेल तर फ्रेममधून काढून, दोन कडक बोर्डांमध्ये, रंगाच्या बाजूला रिलीज पेपर ठेवून, हातातल्या सामानात आणणं सर्वात सुरक्षित. मे महिन्यात कुरिअरने मागवू नका. तापलेल्या गोदामात दोन दिवस पडला तरी रंग चिकटतो. १९४०च्या आसपासचा किंवा त्याआधीचा सेल असता तर मी वेगळंच सांगितलं असतं. तेव्हाचे बरेच सेल सेल्युलोज नायट्रेटचे, म्हणजे सेल्युलॉइडचे, आहेत, ते झपाट्याने पेट घेतात, आणि सेल्युलॉइड शीट यूएन २००० या क्रमांकाखाली धोकादायक माल म्हणून गणली जाते. तसा सेल घरी ठेवू नये आणि विमानात न सांगता तर मुळीच नेऊ नये. जाळून बघायची चाचणी काही लोक सुचवतात, ती कधीही करू नका.

तुमच्या बाबतीत मी असं करेन: पाच फोटो आणि वासाचं उत्तर मिळेपर्यंत पैसे पाठवणार नाही. पाठीवर रंगाची जाडी आहे, रेघ टोनरची आहे, वास नाही, आणि किंमत छापील पार्श्वभूमी वगळून कापलेल्या सेलच्या भावात बसते, तर घेईन. वास असेल तर फुकट मिळाला तरी इतर सेल असलेल्या कपाटात ठेवणार नाही. आणि दादरच्या घरात वर सांगितलेलं कपाट तयार होईपर्यंत तो अमेरिकेतल्या कुणा नातेवाइकाकडे, कोरड्या थंड खोलीत, सपाट ठेवायला सांगेन. विक्रेत्याचे फोटो आले की इथे टाका. पाठीचा आणि तिरप्या प्रकाशातला, हे दोन आधी.